नातवंडांचे शिक्षण, परदेशातील कर-सवलत आणि आपला विद्यार्थी निधी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत विद्यार्थी साहाय्य समितीच्या वतीने झालेले भाषण)



महोत्सवाच्या मंडपात कराविषयी बोलणे म्हणजे पंगत बसली असताना वाण्याची उधारीची वही वाचून दाखविण्यासारखे आहे, हे आम्ही जाणून आहोत. तरीही विद्यार्थी साहाय्य समितीने हा विषय आपण होऊन मागून घेतला. त्यास कारण घडले ते असे.

आपल्या बडोद्यात, विशेषतः दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या वस्त्यांतील मराठी कुटुंबांत, ज्याचा मुलगा, मुलगी, जावई अथवा निदान भाचा-पुतण्या अमेरिकेत नाही असे घर आता विरळा. तिकडून दूरध्वनी येतो, नातवाचे कौतुक होते, आणि बोलता बोलता मुलगा सांगतो, 'बाबा, बाळाच्या कॉलेजसाठी इथे खाते उघडले आहे. त्यात पैसे टाकले की राज्याच्या करात वजावट मिळते.' आजोबांना नातवाचे कौतुक कळते, वजावट कळत नाही. मग ते आमच्या समितीतील कोणास गाठून विचारतात, की हे प्रकरण आहे तरी काय, आणि आम्हीही त्यात काही घालावे काय?

हा झाला पहिला प्रश्न. त्याच्याच पाठीस पाठ लावून दुसरा आला, आणि तो अधिक जड आहे. काही सभासदांनी सुचविले की, आता सरकारेच शिक्षणासाठी बचत करणारांस कर माफ करीत आहेत. ज्याने त्याने आपापली बचत करावी. मग न्यासाने विद्यार्थी निधी चालू ठेवण्याचे प्रयोजन काय? ती रक्कम सभागृहाच्या दुरुस्तीकडे का वळवू नये? पहिला प्रश्न माहितीचा आहे, दुसरा न्यासाच्या कर्तव्याचा. आमच्या मते पहिल्याचे उत्तर नीट समजून घेतले म्हणजे दुसऱ्याचे उत्तर आपोआप मिळते. म्हणून आम्ही त्याच क्रमाने जाणार आहोत.

आपल्याकडे शेतीचे उत्पन्न वगळता प्राप्तिकर बसविण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. गुजरात सरकार आपणांपाशी प्राप्तिकर मागत नाही. अमेरिकेत तसे नाही. तेथे केंद्राचा प्राप्तिकर वेगळा आणि बहुतेक राज्यांचा वेगळा. शिकागोत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलास एक विवरणपत्र केंद्राकडे आणि दुसरे इलिनॉय राज्याकडे भरावे लागते. टेक्सस, फ्लोरिडा यांसारख्या राज्यांत वेतनावर राज्याचा प्राप्तिकर मुळातच नाही. ही दुहेरी रचना ध्यानात ठेवली नाही, तर पुढचे काही उमगणार नाही. कारण आपण ज्या वजावटीविषयी बोलत आहोत ती राज्याच्या करातली आहे, केंद्राच्या नव्हे.

या खात्यांना तिकडे 'पाचशे एकोणतीस' म्हणतात. नाव चमत्कारिक वाटते, पण तो केंद्रीय महसूल कायद्यातील कलमाचा आकडा आहे, जसे आपल्याकडे 'ऐंशी सी' म्हटले की सर्वांस कळत असे. त्याचा उगम मिशिगन राज्यात आहे. १९८६ मध्ये त्या राज्याने कायदा करून एक विश्वस्त निधी उभारला. पालकांनी आज ठराविक रक्कम भरावी आणि मूल मोठे झाल्यावर राज्यातील विद्यापीठाची फी त्या निधीने भरावी, मग ती फी तोवर कितीही वाढलेली असो, अशी ती योजना होती. या निधीच्या वाढीवर केंद्राने कर मागितला. मिशिगन न्यायालयात गेले, आणि १९९४ मध्ये अपील न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर १९९६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कलम ५२९ कायद्यात घातले आणि अशा राज्यपुरस्कृत योजनांस पक्के स्थान मिळाले. २००१ च्या कायद्याने शिक्षणासाठी काढलेल्या रकमेवरील वाढही केंद्राच्या करातून मुक्त केली, आणि २००६ मध्ये ती मुक्तता कायमची झाली.

आज बहुतेक पालक वापरतात तो प्रकार साध्या बचतीचा आहे. पालक खातेदार, मूल लाभार्थी. पैसे राज्याने निवडलेल्या गुंतवणूक संस्थेमार्फत शेअर, रोखे इत्यादींत गुंतविले जातात. तेव्हा वाढीची हमी नाही, बाजार पडला तर रक्कम घटतेही. पैसे घालताना केंद्राच्या करात काही सूट नाही. परंतु वाढीवर दरवर्षी कर नाही, आणि महाविद्यालयाची फी, पुस्तके, निवास-भोजन अशा मान्य खर्चासाठी काढले तर काढतानाही कर नाही. दुसऱ्याच कामासाठी काढले तर मुद्दलास धक्का लागत नाही; पण वाढीवर नेहमीचा कर बसतो आणि वर बहुधा दहा टक्के जादा कर.

आता राज्यांच्या वजावटीकडे येऊ. येथे 'गाव तितके कायदे' अशी स्थिती आहे. इलिनॉयमध्ये आपल्या राज्याच्या योजनेत घातलेल्या रकमेपैकी एकट्या करदात्यास वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या पतिपत्नीस २०,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते. न्यूयॉर्कमध्ये हेच आकडे ५,००० आणि १०,००० आहेत, मिशिगनमध्येही तेच. पेनसिल्व्हेनिया अधिक उदार आहे. कोणत्याही राज्याच्या योजनेत पैसे घातले तरी तेथे वजावट मिळते. उलट कॅलिफोर्नियात प्राप्तिकर भरपूर असूनही ही वजावट नाही. नॉर्थ कॅरोलिनात ती होती, २०१४ पासून काढून टाकली. न्यू जर्सीने ती २०२२ पासून सुरू केली, पण दोन लाख डॉलरपर्यंतच्या एकूण उत्पन्नासाठीच. म्हणजे दोन सख्खे भाऊ, एक शिकागोत आणि एक सॅन फ्रान्सिस्कोत, सारख्याच रकमेची बचत करीत असले, तरी एकास राज्य सवलत देते आणि दुसऱ्यास देत नाही.

वजावट या शब्दाने आपल्या पुष्कळ मंडळींचा गोंधळ होतो, म्हणून एक उदाहरण फळ्यावर मांडल्याप्रमाणे सांगतो. शिकागोतील मुलाने १०,००० डॉलर खात्यात घातले. 'वजावट मिळाली' याचा अर्थ दहा हजार डॉलर कर वाचला असा नव्हे. त्याच्या करपात्र उत्पन्नातून दहा हजार वगळले गेले, इतकेच. इलिनॉयचा कर सरसकट ४.९५ टक्के आहे. तेव्हा प्रत्यक्ष वाचले ४९५ डॉलर. मिशिगनचा दर ४.२५ टक्के, तेथे पतिपत्नींनी दहा हजार घातले तर ४२५ डॉलर वाचतात. पेनसिल्व्हेनियाचा दर ३.०७ टक्के, तेथे ३०७ डॉलर. इंडियाना राज्याची रीत निराळी आहे. ते उत्पन्नातून वजावट न देता देय करातूनच सूट देते; घातलेल्या रकमेच्या २० टक्के, आणि अशी सूट वर्षाला जास्तीत जास्त १,५०० डॉलर. म्हणजे ७,५०० डॉलर घालणाऱ्यास पुरी सूट मिळते, मात्र तितका कर देय असला पाहिजे. वजावट आणि सूट यांतील हा फरक ज्याला कळला, त्याला निम्मा कर-कायदा कळला असे समजावे.

आकडे ऐकून कोणास वाटेल, की सवलत आहे ना, मग डोळे मिटून घ्यावी. येथे तीन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

पहिली अशी, की बहुतेक राज्ये आपल्याच योजनेत पैसे घातले तर वजावट देतात. त्या लोभाने महागडी योजना पत्करू नये. समजा, एका योजनेचा वार्षिक खर्च दुसरीपेक्षा अर्ध्या टक्क्याने अधिक आहे. दहा हजार डॉलरवर तो वर्षाला ५० डॉलर होतो. कर वाचला तो एकदाच, ३०७ डॉलर. हा खर्च मात्र दरवर्षी जातो. सातव्या वर्षी वाचविलेले सर्व गेले, आणि मूल अजून दुसरीत आहे! दलालामार्फत घेतलेल्या योजनेत खर्च बहुधा जास्त असतो, थेट राज्याकडून घेतलेल्या योजनेत कमी. म्हणून आधी खर्च पाहावा, मग वजावट.

दुसरी अशी, की दिलेली वजावट राज्य परतही मागते. पैसे शिक्षणाखेरीज अन्य कामासाठी काढले, किंवा काही राज्यांत खाते दुसऱ्या राज्याच्या योजनेत हलविले, तरी मागे घेतलेला लाभ पुन्हा उत्पन्नात धरला जातो. २०१७ च्या कायद्याने केंद्राने शाळेच्या फीसाठीही या खात्यातून मर्यादित रक्कम काढण्याची मुभा दिली. पण न्यूयॉर्क, इलिनॉय यांसारख्या राज्यांनी ती आपल्या करापुरती मानली नाही. केंद्राने हो म्हटले म्हणून राज्याने हो म्हटले असे समजणारास तेथे फटका बसतो.

तिसरी गोष्ट आपल्या घरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. आपली पुष्कळ मुले तेथे तात्पुरत्या परवान्यावर नोकरी करतात, आणि त्यांतील काही आज ना उद्या परत येणार. नातू बडोद्यास येऊन येथील विद्यापीठात शिकला तर त्या खात्याचे काय? नियम असा आहे, की अमेरिकन केंद्राच्या विद्यार्थी-मदतीस पात्र असलेल्या संस्थेतील खर्चच मान्य होतो. परदेशातील काही विद्यापीठे त्या यादीत आहेत. भारतातील बहुतेक संस्था नाहीत. अशा वेळी पैसे काढले तर वाढीवर कर व दंड, आणि राज्याची वजावट परत. तशात मुलगा भारताचा पूर्ण रहिवासी झाला म्हणजे त्याचे जगभरचे उत्पन्न येथे करपात्र होते आणि अमेरिकन कलम ५२९ येथील प्राप्तिकर अधिकाऱ्यास बांधील नाही. ज्यांचे परतणे अनिश्चित आहे त्यांनी सर्व बचत या एकाच खात्यात कोंडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र घाबरून खाते मोडण्याचेही कारण नाही. लाभार्थी बदलून भावंडाचे, चुलतभावंडाचे नाव घालता येते. मुले पदव्युत्तर शिक्षणासाठी पुन्हा तिकडे जातात तेव्हा ते पैसे उपयोगी पडतात. आणि २०२२ च्या कायद्यानुसार खाते पंधरा वर्षांहून जुने असेल तर, काही अटींवर, लाभार्थ्याच्या निवृत्तिबचतीच्या खात्यात आयुष्यभरात ३५,००० डॉलरपर्यंत रक्कम वळविण्याची सोय २०२४ पासून झाली आहे.

आता आजोबांचा प्रश्न. आम्ही यात काही घालावे काय? येथे राहणाऱ्या आजोबांस अमेरिकेचा करदाता क्रमांक नसतो, म्हणून स्वतःच्या नावे असे खाते उघडण्याची वाट त्यांना सहसा बंद असते. पुष्कळ योजनांत दुसऱ्याच्या खात्यात भेट म्हणून पैसे घालता येतात. परंतु आजोबा तेथील राज्याचे विवरणपत्र भरीत नसल्याने त्यांस वजावटीचा उपयोग शून्य. शिवाय न्यूयॉर्कसारख्या राज्यात वजावट खातेदारानेच घातलेल्या रकमेवर मिळते. तेव्हा सरळ मार्ग हा, की आजोबांनी रक्कम मुलास भेट द्यावी आणि मुलाने आपल्या खात्यात घालावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठविता येतात. कागदपत्रे आणि पाठविताना कापला जाणारा कर यांविषयी आपल्या बँकेत आधी विचारावे. पण सर्वांत आधी एक प्रश्न स्वतःस विचारावा. आपल्या म्हातारपणाची, औषधपाण्याची तरतूद पुरी झाली आहे काय? नातवास शिक्षणासाठी कर्ज मिळू शकते, आजीच्या शस्त्रक्रियेसाठी मिळणे कठीण. ज्यांची मुले तेथे कायमची स्थायिक झाली आणि जे स्वतः तेथील करदाते झाले आहेत, अशा वडीलधाऱ्यांची गोष्ट वेगळी. व्हर्जिनियासारख्या राज्यात तर सत्तर वर्षांवरील खातेदारास वार्षिक मर्यादाच लागू नाही.

येथवर पहिला प्रश्न झाला. आता दुसरा.

'सरकार सवलत देते, मग निधी कशाला?' याचे उत्तर त्याच इलिनॉयच्या आकड्यांत दडलेले आहे. तीन कुटुंबे डोळ्यांपुढे आणा. पहिल्यात पतिपत्नी दोघेही अभियंते. त्यांनी २०,००० डॉलर घातले, त्यांचे ९९० डॉलर वाचले. दुसऱ्यात एकट्या आईची मिळकत. तिने पोटास चिमटा घेऊन ५०० डॉलर घातले, तिचे वाचले पावणेपंचवीस डॉलर. तिसऱ्यात महिनाअखेरीस काही उरतच नाही. त्यांस मिळाले शून्य. ज्याची गरज सर्वांत कमी त्यास सर्वांत जास्त, आणि ज्याची गरज सर्वांत अधिक त्यास काहीच नाही. यात कोणाचे कपट नाही. वजावट ही वस्तूच अशी आहे. जेथे बचत आहे आणि जेथे कर आहे तेथेच ती पोहोचते. पाऊस पडला तरी पाणी साठते ते ज्याच्या दारी रांजण आहे त्याच्याच घरी.

हे केवळ आमचे अनुमान नव्हे. अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२ मध्ये या खात्यांचा अभ्यास केला. २०१० साली तीन टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे अशी शिक्षण-बचतीची खाती होती, आणि ज्यांच्याकडे होती त्यांची मध्यम आर्थिक मालमत्ता इतरांच्या सुमारे पंचवीस पट होती, असे त्या अहवालात आढळते. जानेवारी २०१५ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी यापुढच्या ठेवींवरील वाढीस कर लावावा आणि ती मदत अन्य शिक्षण-सवलतींकडे वळवावी, असे सुचविले. दोन्ही पक्षांतून इतका गहजब झाला, की काही दिवसांतच ती सूचना मागे घ्यावी लागली. मध्यमवर्गास आपली सवलत प्यारी असते. तो तिकडचा असो वा इकडचा.

आपल्याकडचा अनुभवही ध्यानात घ्यावा. भविष्य निर्वाह निधी, विमा, मुलांची शिकवणी-फी, सुकन्या समृद्धी या सर्वांवर मिळून दीड लाख रुपयांपर्यंतची वजावट आपण वर्षानुवर्षे घेत आलो. पण २०२० मध्ये आलेल्या नव्या करपद्धतीत ती नाही, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तीच पद्धत मूळ धरली जाते. जुनी हवी तर सांगून घ्यावी लागते. नॉर्थ कॅरोलिनाची गोष्ट वर आलीच आहे. तात्पर्य असे, की सवलत राज्याची आणि बचत आपली. सवलत आज आहे, उद्या नाही. जो मुलांसाठी साठवितो त्याने सवलत मिळो वा न मिळो साठवावे, आणि जो समाजासाठी देतो त्याने सवलतीकडे बोट दाखवून हात आखडू नये.

मग उपाय काय? त्याचे एक सुरेख उदाहरण अमेरिकेतच सापडते, आणि ते एका धर्मादाय संस्थेचे आहे म्हणून आपण विशेष ऐकण्यासारखे. मेन हे तेथील ईशान्येकडचे थंडीचे, जंगलांचे राज्य. हॅरोल्ड अल्फंड या गृहस्थांनी तेथे पादत्राणांचा कारखाना काढून मोठी संपत्ती मिळविली. २००७ मध्ये ते वारले. त्यांनी ठेवलेल्या देणगीतून राज्यात जन्मणाऱ्या मुलाच्या नावे शिक्षणासाठी ५०० डॉलर ठेवण्याची योजना २००८ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाली आणि पुढील वर्षी राज्यभर पसरली. प्रारंभी अट अशी होती, की पालकांनी स्वतः खाते उघडावे. अनुभव आला तो आपण ओळखलाच असेल. शिकलेले पालक खाते उघडीत, आणि ज्यांच्यासाठी मुख्यतः योजना होती ते मागे राहत. तेव्हा २०१३ पासून अर्जाची अटच काढली. मेनमध्ये जन्मलेल्या प्रत्येक रहिवासी बालकाच्या नावे रक्कम आपोआप ठेवली जाऊ लागली. पेनसिल्व्हेनियानेही पुढे जन्मणाऱ्या प्रत्येक मुलासाठी १०० डॉलरची ठेव सुरू केली. रक्कम लहान आहे, पण तीस आईबापांचे उत्पन्न विचारावे लागत नाही आणि कर भरल्याचा दाखला लागत नाही. कराच्या वजावटीने जी घरे ओलांडली, ती दानाने शोधून काढली.

आणि दूर मेनपर्यंत कशास जावे? ज्या नगरीत आपण बसलो आहोत तिची गोष्ट पाहा. १९१३ मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी भीमराव आंबेडकर या तरुणास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंड. आज त्याच न्यूयॉर्क राज्यात पतिपत्नीस दहा हजार डॉलरांची वजावट मिळते. परंतु सुभेदार रामजींच्या घरी जगातील सर्व राज्यांच्या वजावटी आणून ओतल्या असत्या तरी त्यांतून एक आगबोटीचे तिकीट निघाले नसते. कारण वजावट घ्यावयास आधी शिल्लक लागते. तेथे लागली ती दुसऱ्याची तिजोरी आणि देणाऱ्याची नजर. त्या साडेअकरा पौंडांतून देशास काय मिळाले, हे या सभेत सांगण्याची आवश्यकता नाही.

आमच्या समितीपुढे दर जूनमध्ये अर्ज येतात. त्यांत वडिलांच्या उत्पन्नाचा रकाना असतो. तो वाचताना आम्हांस कधी असे दिसले नाही, की या घरी कर-सवलतीने काही होईल. कर भरण्याइतके उत्पन्नच नाही, तेथे कर वाचणार कसला? तो रकाना हेच सभागृह-दुरुस्तीच्या सूचनेस आमचे उत्तर आहे. सभागृहाचे छप्पर गळते हे खरे, आणि ते दुरुस्त व्हावे. पण त्यासाठी वेगळी वर्गणी काढावी. विद्यार्थ्याच्या पानातला घास त्या छपरास लावू नये.

शेवटी समितीच्या वतीने तीन नम्र सूचना विश्वस्तांपुढे ठेवतो.

एक, विद्यार्थी निधीचे मुद्दल अबाधित राहावे आणि महोत्सवी वर्षातील देणग्यांचा निश्चित वाटा त्यात पडावा.

दोन, मेनच्या धर्तीवर, पण आपल्या ऐपतीप्रमाणे, न्यासाची मदत घेणाऱ्या कुटुंबांतील लहान मुलांच्या नावे पहिली ठेव न्यासाने द्यावी. दहा वर्षांच्या आतील मुलीसाठी टपाल कार्यालयात सुकन्या समृद्धीचे खाते वर्षाला किमान २५० रुपयांत चालते. मुलासाठी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते किमान ५०० रुपयांत. खाते पालकांनी उघडावयाचे, पहिला हप्ता न्यासाचा, आणि फॉर्म भरून देण्याचे काम आमच्या समितीच्या तरुण सभासदांचे. मेनचा धडा हाच आहे, की गरजूने अर्ज करावा म्हणून वाट पाहत बसू नये; अर्ज घेऊन त्याच्या दारी जावे. हे न्यासपत्राच्या उद्दिष्टांत व धर्मादाय कायद्यात कसे बसवावयाचे, ते लेखापालांच्या सल्ल्याने विश्वस्तांनी ठरवावे.

तीन, अमेरिकेतील आपल्या मुलामुलींस एक पत्र जावे. त्यात उपदेश नको, हिशेब असावा. इलिनॉयने तुमचे ४९५ डॉलर वाचविले. ते तुमचेच आहेत, तुमच्या बाळाचे आहेत. त्यांतील एक लहानसा भाग, ज्यास वाचविण्यासारखे काही नाही अशा बडोद्याच्या एका मुलासाठी द्याल काय? येथे मात्र कायद्याची वाट सोडू नये. जे अद्याप भारतीय नागरिक आहेत त्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली देणगी घेता येते. ज्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतले त्यांची देणगी २०१० च्या विदेशी अभिदायविषयक कायद्याखाली येते आणि परवानगीशिवाय ती स्वीकारता येत नाही. पैसा चांगल्या कामाचा असला तरी तो सरळ दारानेच आत यावा.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या न्यासाची पहिली पावती फाडली त्यांस वजावट हा शब्दही मनात आला नसेल. आपल्या मुलांसाठी साठवून झाल्यावर, आणि काहींनी तर साठविण्याच्या आधीच, त्यांनी दुसऱ्याच्या मुलासाठी काही बाजूस काढले. त्याच पैशावर शिकलेले काहीजण आज या सभेत बसले आहेत, आणि त्यांची मुले अमेरिकेत आपल्या मुलांची खाती उघडीत आहेत. ही साखळी पुढे चालू ठेवावयाची की नाही, एवढाच प्रश्न आहे. विश्वस्त मंडळ त्याचा निर्णय येत्या वार्षिक सभेत घेणार आहे. सभासदांनी त्या सभेस अगत्य यावे आणि मत द्यावे, इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.